घरात कापूस, बाजारात तेजी

कोणी फुकट सल्ला देऊ लागला की मी आधी त्याच्या हाताकडे पाहतो. खोड आहे माझी, अन् महागात पडलेली. हल्ली शेअर निर्देशांकाचे वायदे करणारी नवी पोरं येतात, काका, चार गोष्टी सांगा म्हणतात. अरे बाबांनो, मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते आधी ऐका.

त्या साली नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या घरी माजघर आढ्यापर्यंत कापसानं भरलं होतं. वडील नव्हते, कारभार माझा. धाकट्या बहिणीला जूनमध्ये अमरावतीला, शिक्षिकांच्या ट्रेनिंगला घालायचं होतं. गावातून अशी जाणारी ती पहिलीच. वसतिगृहासाठी तिनं ट्रंकही रंगवून ठेवली होती.

भाव चढेल म्हणून मी कापूस विकला नाही. उलट बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला एका दलालाकडे गेलो. त्याच्या मागच्या खोलीत तेजी-मंदीचे सौदे चालत. कायद्यात बसत नव्हते, म्हणून मागची खोली. थोडी रक्कम आधी द्यायची. तेजी घेतली तर भाव चढल्यावर फायदा, मंदी घेतली तर पडल्यावर. अंदाज चुकला की दिलेली रक्कम गेली.

दलालानं चहा पाजला. म्हणाला, “भाऊ, तुमचा कापूस घरात हाय. भाव चढला तर तुमी तसेही कमावता. म्हून मंदी घ्या. भाव पडला तर हा सौदा तुमाले वाचवते.”

झालं! माझं डोकं फिरलं. हा काहून सांगून राहिला? भाव चढणार हे याला पक्कं ठाऊक असणार, अन् माझी रक्कम हाच गिळणार. दोन दिवस समोरच्या हॉटेलात बसून मी त्याच्यावर नजर ठेवली. एका बड्या व्यापाऱ्याशी तो रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत होता अन् दोघं खदाखदा हसत होते. सगळ्या बाजारात भाव असाच ठरायचा, मलाही माहीत होतं. पण ते हसू मला माझ्यावरचंच वाटलं. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या फीचे पैसे त्याच्यापुढे टाकले. म्हणालो, “तेजी.”

“घरात कापूस असून?”

“तेजी म्हटलं ना!”

होळी झाली अन् भाव धाडकन पडला. तेजीचे पैसे बुडाले, कापूस मातीमोल गेला. पोरांनो, जे घरात आहे त्याच्याच बाजूनं बाजारात पैसा लावू नका. हे मला त्या माणसानं चहा पाजून सांगितलं होतं.

मे महिन्यात तो स्वतः आमच्या दारी आला. त्या सौद्यातली आपली दलाली परत घेऊन आला होता. “पोरीच्या शिक्षणाचे पैसे होते हे मले मागून समजलं,” तो म्हणाला. “पहिला हप्ता तरी भरा.”

मी नोटा उलटसुलट करून पाहिल्या. खऱ्या होत्या. विचारलं, “तुमाले यात काय भेटते?” मी नोटा त्याच्या हातात परत कोंबल्या. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं.

बहीण दारात उभी होती. रडली असती तर सोसलं असतं. ती म्हणाली, “भाऊ, तुले त्याचा भरोसा नव्हता, बरं. पण पैसे माह्यासाठी होते. नाही म्हणाच्या आधी मले काहून नाही विचारलं?”

पुढच्या वर्षी मी तिचं लग्न लावून दिलं. मुलाकडच्यांची चौकशी तीन गावं फिरून केली. तिला तेव्हाही विचारलं नाही.