आर्कचं गणित आणि आमच्या वन्सं

वन्सं गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी पाट्यावर खोबरं वाटत होते आणि त्यांच्यावरच धुमसत होते. वीज गेलेली, आणि इन्व्हर्टरवर मिक्सर लावायला बंदी. आदल्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून त्यांना न्यायला निघालो, तर रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "वहिनी, कॉम्प्युटर चालू आहे. बंद करू नका हं. इन्व्हर्टरवर दुसरं काही लावू नका." चार दिवस नुसतं कोकम पिऊन "ॲसिडिटी आहे" म्हणत बसलेल्या बाईला चिंता कसली, तर कॉम्प्युटरची! माझ्याशी त्या एवढंच शेवटचं बोलल्या. याचा राग अजून जात नाही...

सुनंदा, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुंबईत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे रत्नागिरीत आमच्याकडे आल्या. मला वाटलं, हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला एक हात वाढला. कसलं काय! पेट्यांच्या ऐन धांदलीत त्या मागच्या खोलीतून बाहेर यायच्या त्या फक्त चहाला. आत काय चालतं विचारलं, तर म्हणाल्या, "मोठा स्विच उघडताना धातूच्या दोन टोकांमध्ये वीज जाळ धरते ना, तो आर्क. हवा इतकी तापते की तिचा प्लाझ्मा होतो. तो त्या टोकांना कसा खातो, ते मी गणिताने काढते." मी म्हटलं, "बरं. चहात साखर घालू?"

मग एकदा बंगळुरूहून काव्या नावाची संशोधक मुलगी आली. वन्संचा आर्कवरचा जुना लेख बरेच लोक प्रमाण मानत. ही मुलगी आमच्या ओटीवर फणसाची भाजी खाता खाता म्हणाली, "मॅडम, मी प्रत्यक्ष मोजलं. टोकाचं तापमान तुमच्या आकड्यांशी जुळत नाही." मला संतापच आला. आमच्या घरात जेवते आणि आमच्याच माणसाला चूक म्हणते! वन्संनी मात्र तिथेच ताट बाजूला सारलं, तिचे आलेख पाहिले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हिचं."

ती गेल्यावर मी म्हटलं, "निवृत्त झालात. कोण विचारायला येणार आहे आता?"

"मी धातूचं तापमान आधीच ठरवून टाकलं होतं, वहिनी. खरं तर आर्क धातूला तापवतो, तापलेला धातू इलेक्ट्रॉन सोडतो, त्याने आर्कच बदलतो. दोन्ही गणितं एकदमच सोडवायला हवीत. तेव्हा कॉम्प्युटरला झेपत नव्हतं, म्हणून मी सोपं करून मोकळी झाले."

"मग झालं ते झालं!"

"झालं कसं? त्या आकड्यांवर स्विच बनवतात. त्याच्या भरवशावर कुणीतरी खांबावर चढतो."

पुढे घरात त्या गणिताचंच राज्य झालं. पावसाळ्यात वीज गेली की चाललेलं गणित बुडायचं आणि वन्सं वीज कार्यालयाला फोन करून अशा भांडायच्या की तिथली माणसं त्यांचा आवाज ओळखू लागली. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी मोठा इन्व्हर्टर आणला, तर त्यावर पंखासुद्धा लावू देईनात. उकाड्यात घामाघूम होऊन बसायच्या. "डॉक्टरकडे चला" म्हटलं की, "एवढं संपू दे." ते कधी संपायचंच नाही...

त्या गेल्यावर काव्या आली. गणित पूर्ण झालं होतं. तिने पडद्यावरचा एकेक आकडा ताडून पाहिला आणि डोळे पुसले. आकडे तिच्या मोजमापाशी जुळले होते. लेख दोघींच्या नावाने जायचा आहे. पहिलंच वाक्य वन्संनी लिहून ठेवलंय की, या विषयावरचा माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. मी म्हटलं, "हे जरा खाली घे ना, शेवटी कुठेतरी." काव्या म्हणाली, "मॅडमनी मला बजावलंय, पहिलंच राहील." म्हणजे गेल्यावरही माझं ऐकायचं नाही ते नाहीच.

परवा खोली आवरली. वन्संचं टेबल भिंतीकडे तोंड करून असायचं. खिडकीतून कलमं दिसतात, झाडांच्या फटीतून समुद्राची रेघ दिसते, पण पडद्यावर उजेड येतो म्हणून ही बाई इथे आल्यापासून पोपडे धरलेल्या भिंतीकडे बघत बसली. मी एकटीनेच टेबल ओढून खिडकीशी लावलं. छान दिसत होतं. कुणाच्याही घरातल्या खोलीसारखं... संध्याकाळी नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी ते उचलून परत भिंतीला लावलं.