कुवेतमध्ये मिळालेला नकार

विमान वळलं तशी खाली वाळू दिसली. तिच्यातून फुटपट्टीने आखल्यासारखा रस्ता गेला होता आणि त्यावर एकच ट्रक चालला होता. शेजारच्या आजी नातवाला बघायला निघाल्या होत्या. त्या डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होत्या. मी मात्र पायाशी ठेवलेली पिशवी पुन्हा चाचपून पाहिली. तिच्यात कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. चकल्या मी खुशाल सामानात टाकल्या होत्या, पण गठ्ठा जवळ ठेवला होता. माझी पीएच.डी. त्यावर अवलंबून होती.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी नाशिकच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत होते. संशोधनाला विषय घेतला होता तो असा: ऑफिसातली वाईट बातमी साहेबापर्यंत पोचायला इतका वेळ का लागतो? काम रखडलं, खर्च हाताबाहेर गेला की खालच्या माणसाला ते आधी कळतं. पण अहवाल एकेक टेबल वर चढत जातो तसा गुळगुळीत होत जातो आणि शेवटच्या टेबलावर सगळं आलबेल असतं. परदेशात नोकरी करणारी आपली माणसं याबाबतीत कशी वागतात हे मला तपासायचं होतं. नोंदणीची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. कुवेतमधून माहिती आणली तर प्रबंध, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

विमानतळावर कस्टमच्या माणसाने नेमका तो गठ्ठा बाहेर काढला. उलटसुलट करून बघितला, वरच्या साहेबाला दाखवला, साहेबाने आणखी वरच्याला दाखवला. माझा जीव टांगणीला. शेवटी त्या तिसऱ्या साहेबाने चकलीचा डबा उघडायला लावला, हुंगला आणि हसून 'जा' अशी मान हलवली. गठ्ठा तसाच परत मिळाला; त्यात त्यांनी काय शोधलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ताई तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि भावोजी मीना अब्दुल्ला नावाच्या औद्योगिक भागात एका ठेकेदार कंपनीत इंजिनियर. राहायला फिंतासला. गॅलरीतून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची निळी पट्टी दिसायची. भाची मीरा दारातच म्हणाली, "मावशी, यू मस्ट बी सो टायर्ड." मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान जमायचं.

पहिल्या रात्री ताईने झुबैदी (म्हणजे आपलं पापलेट) रव्यात घोळवून तळलं होतं. हात धुवून बसते न बसते तोच मी विचारलं, "भावोजी, परवानगी आली ना हो?"

"होईल," भावोजी म्हणाले. "कागद अबू खालिदच्या टेबलावर आहे."

अबू खालिद म्हणजे खालिदचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. हे गृहस्थ भावोजींच्या कंपनीत नोकरभरती, रजा, बढत्या असं सगळं बघायचे. त्यांनी 'हो' म्हटलं की मला तिथल्या भारतीय लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेता येणार होत्या.

"नाही आली तर मी संपले बघा," मी म्हणाले. "स्टाफरूममध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मला नुसती कल्पनाही सहन होत नाही."

ताईने माझ्या पानात आणखी एक तुकडा वाढला. भावोजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी ऑफिसात गेले. वाटेत उजव्या हाताला रिफायनरीच्या धुराड्यांवर ज्योती जळत होत्या, भर उन्हात पिवळट दिसणाऱ्या. अबू खालिद उंच, पांढऱ्याशुभ्र दिशदाशातले (पायघोळ अंगरख्यातले), बोलायला अतिशय गोड. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी. त्यांनी इस्तिकान (चहाचा छोटा काचेचा पेला) मागवला, नाशिकच्या द्राक्षांची चौकशी केली, माझ्या विषयाचं कौतुक केलं. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "बाचर, इन्शाल्ला." म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर.

उद्या गेले. पुन्हा चहा, पुन्हा द्राक्षं, पुन्हा बाचर. त्यानंतर भावोजीच सकाळी सांगायला लागले, "आज ते मीटिंगमध्ये आहेत, तू जरा फिरून ये." मग ताईने मला समुद्रकाठच्या रस्त्यावरचे निळ्या गोळ्यांचे मनोरे दाखवले. फहाहीलच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात दुकानदाराने माझ्याशी हिंदीत आणि ताईशी मल्याळी वळणाच्या अरबीत भाव केला. जमईयात (वस्तीच्या सहकारी भांडारात) भट्टीतून निघालेला खुबूस, म्हणजे तिथली रोटी, कागदात गुंडाळून मिळायचा. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी अर्धा खाऊन टाकायचो. रस्त्यांवर राष्ट्रीय दिनाची रोषणाई लावायचं काम चाललं होतं. सगळं बघून मला मजा वाटत होती. पाहुणीला एखादं गाव इतकं बारकाईने का दाखवतात, हा साधा प्रश्न मला पडला नाही. एरवी वर्गात मी किती हुशार.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, अबू खालिदनी आम्हा सगळ्यांना तंबूवर बोलावलं. थंडीचे महिने तिथली माणसं वाळवंटात तंबू ठोकतात आणि सुट्टीचे दिवस तिथे काढतात. आम्ही जहरा शहर मागे टाकून पुढे गेलो. पावसाचे चार थेंब पडून गेले होते, तेवढ्यावर वाळूला बारीक हिरवी लव आली होती. भावोजींनी कौतुकाने गाडी आडवाटेला घातली आणि ती रुतली. मग आम्ही तिघी मागून ढकलतोय, चाकं आमच्या तोंडावर वाळू उडवतायत, मीरा म्हणतेय, "बाबा, स्टॉप हेल्पिंग." अखेर अबू खालिदच्या पुतण्याने तंबूवरून येऊन, दोर बांधून ओढून काढली.

तंबूत गालिचे, उशा, बाहेर शेगडी. अबू खालिदच्या पत्नीने मला हाताला धरून नेलं, चेहरा धुवायला पाणी दिलं आणि खजुराचं ताट पुढे केलं. मग सगळे शेगडीभोवती बसलो. त्या बाईंनी स्वतः दल्ल्यातून (लांब चोचीच्या किटलीतून) वेलदोड्याची कडवट कॉफी मुठीत मावेल एवढ्या पेल्यात ओतली. संपवली की पुन्हा ओतायच्या. नको म्हणायचं कसं? मी "बस, बस" म्हणत होते, त्या हसून भरत होत्या. छातीत धडधडायला लागलं.

अबू खालिद बघत होते. म्हणाले, "मॅडम, असं नाही. पेला असा हलवायचा." त्यांनी रिकामा पेला दोन बोटांत धरून मनगटातून हलकेच हलवला. "याचा अर्थ, पुरे. कुणाला वाईट वाटत नाही."

मी हलवला. त्यांच्या पत्नीने लगेच किटली मागे घेतली. इतकं सोपं होतं ते. आणि कॉफीमुळे म्हणा, इतक्या दिवसांच्या बाचरमुळे म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं, "अबू खालिद, परवानगी द्यायची नसेल तर तुम्ही काय हलवता?"

भावोजी शेगडीतल्या निखाऱ्याकडे बघायला लागले. अबू खालिद आधी हसले, मग गंभीर झाले. "मा यसीर," ते म्हणाले. "नाही होणार, मॅडम. नोकरांना साहेबाबद्दल प्रश्न विचारलेले वरच्या लोकांना नको आहेत. मी दोनदा विचारून पाहिलं. तुम्ही पाहुण्या, आमच्या भावाच्या घरच्या. तोंडावर कसं सांगणार?"

आता मला रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. उलट खांद्यावरून कुणीतरी पाण्याची घागर उतरवून घ्यावी तसं झालं. मी चक्क आणखी दोन खजूर खाल्ले.

परतताना गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग भावोजी म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुझं तिकीट काढलं त्याच आठवड्यापासून. पण ही म्हणाली, निदान बहीण तरी भेटेल."

"तू सुद्धा, ताई?"

"तू आल्या आल्या जेवताना काय म्हणालीस ते आठव," ताई म्हणाली. "संपले म्हणालीस. सहन होणार नाही म्हणालीस. मग कोण सांगणार तुला?"

मागून मीरा म्हणाली, "एव्हरीबडी न्यू, मावशी." मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "सॉरी हं."

वाईट बातमी वर का पोचत नाही हे शोधायला मी समुद्र ओलांडून आले होते, आणि त्या घरातली साहेब मीच होते. कोणती बातमी मला सहन होणार नाही ते मी आधीच जाहीर करून बसले होते; मग सगळे मूग गिळून बसले. मला हसू फुटलं. ताईलाही फुटलं. भावोजींचा जीव भांड्यात पडला असावा, कारण पुढे जहरा येईपर्यंत ते चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच, फोन-कार्डावरचा नंबर फिरवून, माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. पाल्हाळ न लावता सांगितलं, "सर, परवानगी नाही मिळाली. एकही प्रश्नावली भरून मिळणार नाही."

मग सर म्हणाले, "खरं सांगू का? ती प्रश्नावली मला पहिल्यापासून पटली नव्हती. साहेबाला खरं सांगता का, असं छापून विचारल्यावर कोण 'नाही' वर खूण करणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढी मेहनत घेतलेली. शिवाय तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे..." सरांनी वाक्य सोडून दिलं. "आता असं करा. कंपनी सोडा, माणसांशी बोला. राजीखुशीने बोलतील तेच घ्या, नावं लिहू नका. मुलाखतींवरही प्रबंध होतो. विभागात मी बघतो."

फोन ठेवला आणि मी गॅलरीत जाऊन त्या निळ्या पट्टीकडे बघत बसले. फार बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी ताईने ओळखीची मराठी मंडळी जेवायला बोलावली. मी आधी माझीच गोष्ट सांगितली, तंबू, कॉफी, सगळं. लोक पोट धरून हसले आणि मग बोलायला लागले. जहराच्या एका सुट्या भागांच्या दुकानात हिशेब बघणारे परभणीकडचे काका म्हणाले, "आमचा मालक रोज दारातनंच इचारतो, 'कुल्लू तमाम?' सगळं ठीक ना? आता प्रश्नच असा म्हणल्यावर उत्तर काय देणार? तमाम." पुण्याचे एक इंजिनियर म्हणाले, "आमचे साहेब हेच इंग्रजीत विचारतात."

तेव्हा ताई वाढता वाढता थांबली. "आमच्या वॉर्डात एक वयस्कर हेड नर्स होती. ती ड्यूटीवर आली की पहिलं विचारायची, आज काय बिघडलं? आणि उत्तर संपेपर्यंत तोंड उघडायची नाही. तिला आम्ही सगळं सांगायचो. स्वतःच्या चुकासुद्धा."

माझ्या प्रबंधाचा गाभा मला तिथे, आमटीच्या वाटीसमोर मिळाला. कोऱ्या प्रश्नावल्यांच्या पाठीवर मीराने नंतर समुद्राची चित्रं काढली.

परतले तेव्हा आमचे हे मुंबईच्या विमानतळावर घ्यायला आले होते. नाशिककडे गाडी निघाली. नेहमीसारखं "सगळं ठीक ना?" माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि विचारलं, "मी नव्हते तेव्हा काय बिघडलं?"

ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "ताईने सांगितलं तुला?"

ताईलाही माहीत होतं तर. मी म्हणाले, "कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

ह्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "कंपनीने स्वेच्छानिवृत्ती घ्यायला सांगितलंय. तू निघायच्या आधीच. तू परीक्षेला निघाल्यासारखी निघाली होतीस, कसं सांगणार?"

मला खूप बोलायचं होतं. आधीच का नाही, आता कसं होणार, सगळं जिभेवर होतं. मी गप्प बसले. ते बोलत राहिले, कसारा घाट लागला तरी बोलत होते. कुणाला बोलावलं, कुणी सही केली, घरी येऊन ते एकटेच गॅलरीत किती वेळ बसायचे. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. चहावाला किटली घेऊन पुन्हा आला. मी रिकामा पेला दोन बोटांत धरून हलवला.

"हे काय नवीन?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे चहा पुरे," मी म्हणाले. "तुम्ही बोला."