मावशी मुराळी होऊन गेल्या तेव्हा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमच्या मावससासूबाईंनी जेवढी भांडणं केली, तेवढी दोन्हीकडच्या भावकीनं बांधावरून मिळूनही केली नसतील. गंमत म्हणजे त्यातलं एकही स्वतःसाठी नव्हतं. भाजीवाल्यानं कुजका टोमॅटो घातला तर मावशी तो मुकाट्यानं चिरून चांगला भाग वापरतात. पण एसटीत कुणी लेकराला उठवून जागा बळकावली, की शिरूर सुटल्यापासून न्हावरं येईपर्यंत त्यांचं तोंड थांबत नाही. आम्ही त्यांच्याबरोबर प्रवास करताना खिडकीबाहेर बघत बसतो, ओळख नसल्यासारखं.

त्यांच्या रागाचं मूळ एका बालगृहात आहे. तिथं त्यांनी बरीच वर्षं मुलींना शिवण शिकवलं. मुलगी अठराची झाली की तिला संस्था सोडावी लागायची. पुढच्या सोयीच्या योजना असतात म्हणे, पण मावशींच्या मुलींपर्यंत त्या क्वचितच पोचल्या. "लोकांची पोरं अठराव्या वर्षी केक कापत्यात, आन् आमच्यांच्या हातात पिशवी देत्यात," असं त्या कुणालाही ऐकवतात, अगदी घरी सत्यनारायणाचं बोलवायला आलेल्या माणसालासुद्धा.

लग्नाला त्या जेवायला जातच नाहीत, नोकऱ्या शोधायला जातात. केंदूरच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा कारखान्यात सुपरवायझर निघाले. मावशी पंगतीत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि एका मुलीसाठी शब्द टाकला. मुलगी चांगली असेल, पण तिची जबाबदारी घेणारं घरचं माणूस कोण, असं मामांनी विचारलं. मावशींनी त्यांच्या पानातली जिलेबी उचलून स्वतःच्या पानात ठेवली आणि म्हणाल्या, "मी हाय की. आता बोला." मामांनी वाढप्याला हाक मारून दुसरी जिलेबी मागितली. नोकरी मिळाली नाही. मावशींनी जिलेबी मात्र परत केली नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं भांडण रेश्मासाठी झालं. रेश्मा बालगृहातून निघाली ती दौंडला नर्सिंग शिकायला. हुशार पोर, पहिले काही महिने छान गेले. मग दिवाळी आली आणि वसतिगृहाला कुलूप लागणार असं कळलं. सगळ्यांनी घरी जायचं. घर नसलेल्यांनी कुठं जायचं, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला याचा आजही संताप येतो. शिक्षण मोफत द्यायचं आणि सणाला मुलीला रस्त्यावर काढायचं, ही कुठली रीत? रेश्मानं मावशींना फोन करून सांगितलं की कारेगावात पॅकिंगचं काम देणारा एक ठेकेदार राहायला खोलीही देतो, तिकडंच जाते. त्या खोलीत गेलेली मुलगी पुस्तकाकडं परतत नाही, हे मावशींना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दौंडला निघाल्या. डोक्यावर पदर, हातात शिदोरीचा डबा. वसतिगृहाच्या दारात त्यांनी वॉर्डनला हात जोडले. "विहीणबाई, मी मुराळी. लेकीला दिवाळीला न्यायला आले." सासुरवाशिणीला सणाला आणायला माहेरचं जे माणूस जातं, तो मुराळी. वॉर्डन पंचविशीची, बिनलग्नाची. ती आधी लाजली, मग चिडली. आईवडिलांशिवाय कुणाबरोबर मुलगी सोडता येत नाही, असं तिनं सांगितलं.

मावशी पायरीवर बसल्या. मग जे बोलल्या ते सगळं इथं लिहिता येणार नाही. आईबाप असते तर पोर तुमच्या दारात अशी उभी राहिली असती का, हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. शेवटी म्हातारा वॉचमन खुर्चीवरून उठला. "बाई, मुराळी रिकाम्या हातानं धाडू न्हाई. ज्यानं धाडला त्याचं बरं होत न्हाई." नियमापुढं न हललेली वॉर्डन रीतीपुढं हलली. तिनं वरती फोन लावला, बालगृहाकडं चौकशी केली, आणि तासाभरानं रेश्मा बॅग घेऊन खाली आली.

शिरूरला पहिले दोन दिवस ती पाणी प्यायलाही विचारून उठायची. मावशींना ते बघवेना, पण भांडायचं कुणाशी? त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिल्या. तिसऱ्या दिवशी रेश्मानं न विचारता चकलीचा डबा उघडला, तेव्हा कुठं ती आदळआपट थांबली.

शिक्षण पुरं झालं. यंदा तिला कारेगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मावशींचे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नाहीत, आणि दिवाळीला वसतिगृहांना कुलपं लागतातच. बाकीच्या मुलींना आणायला कोण जातं, मला माहीत नाही. परवा रेश्माचा फोन आला. भाड्यानं खोली बघत होती आणि घरमालकीण गाव कुठलं म्हणून विचारत होती. काय सांगू, असं तिनं हळूच विचारलं.

मावशींनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "शिरूर सांग. आन् आई हाय म्हणावं, जरा भांडखोर हाय."