सगळी मराठीच

हे मी कुणालेच सांगितलं नाही—नवऱ्याले नाही, सोबत शिकवणाऱ्या बायांलेही नाही. तुले सांगून राहिले, तर मधात टोकू नको वं.

डी.एड.च्या शेवटच्या वर्षी सक्करदऱ्याच्या एका शाळेत आमचे सराव पाठ होते. हिवाळ्याचे दिवस. तलावाकडून धुकं यायचं, खिडकीतून आत शिरायचं, अन् पोरं अर्धी झोपेत, अर्धी जागी वाटायची. मीही तशीच! त्यांच्यात होती पोचम्मा. आईबाप आंध्रातून मातीकामाले आलेले, घरी तेलुगू. मराठी थोडी कळे, बोलता येत नसे. पण बोट तिचंच पहिलं वर! उभी राहून तेलुगूत घडाघडा बोले, पोरं खिदळत, अन् माह्या पाठाचा पार विचका होई.

शेवटचा पाठ गुणांचा. विषय काय घेतला होता मी—'जगातली मुलं'! रंगीत चित्रं, गाणं, पोरांकडून घोटून घेतलेली उत्तरं. अन् पाहायले परदेशातली एक पाहुणी येणार होती. मग मी काय केलं असेल?

घंटेआधी पोचम्माले पाण्याच्या टाकीमागे नेलं. माही पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, खुणेनं सांगितलं—सांभाळ. तिले वाटलं, बाईनं मोठं काम दिलं. हसली गं ती.

पाठ झकास झाला. शेवटी पाहुणीनं काही विचारलं, आमच्या डी.एड. कॉलेजच्या बाईंनी ते मराठीत सांगितलं—घरी वेगळी भाषा बोलणारं कुणी आहे का इथं? तिले त्या लेकराशी बोलायचं होतं. पोरांच्या माना टाकीकडच्या खिडकीकडे वळल्या. मी डोळे वटारले.

"नाही जी," म्हटलं. "सगळी मराठीच."

किती सहज निघालं तोंडातून! भीती कशाची होती—गुणांची? हो, गुणांचीच. पुढे निकालात पहिला नंबर आला माहा. पेढे वाटले.

त्या दिवशी दुपारी आठवण आली ती पिशवीची, पोरीची नाही. गेले तर ती उन्हात तशीच बसून. मधल्या सुट्टीतला खाऊही चुकलेला. मले पाहून उठली, तेलुगूत कितीतरी बोलली, वर्गाकडे दाखवून छातीवर हात ठेवला. आता माही पाळी ना—एवढं मलेही कळलं.

मी म्हटलं, "उद्या."

हा शब्द तिले येत होता. "उद्या, बाई!" म्हणत ती उड्या मारत गेली.

माहे पाठ त्याच दिवशी संपले होते. उद्या मी त्या शाळेत जाणार नव्हते. हे मले माहीत होतं, अन् तरी म्हटलं.