पाहुणीच्या गाठी

कोल्हापूर स्टेशनवर आमच्या विणकाम मंडळाच्या बायका मला सोडायला आल्या होत्या, आणि सोडण्यापेक्षा थट्टाच जास्त चालली होती. "क्रोशाचे रुमाल संपले, आता मासे धरणार होय गं?" असं एकीनं विचारलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. एकसष्टाव्या वर्षी मला हातानं मासेमारीचं जाळं विणायची हौस आली होती, आणि एका ओळखीच्या ग्रामसेवकानं गोंदिया जिल्ह्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या एका ढिवर कुटुंबात माझी आठवडाभराची सोय लावून दिली होती.

गोंदियाला उतरेपर्यंत पाठीचा पार भुगा झाला होता. रिक्षावाल्याला मराठीत विचारलं तर तो हिंदीत उत्तर देई, मग मीही माझं दिव्य हिंदी बाहेर काढलं. तिथून पॅसेंजरनं अर्जुनीकडे निघाले. खिडकीबाहेर धान कापून मोकळी झालेली शेतं, मग साग, मग पुन्हा शेतं. संध्याकाळ व्हायच्या आत गाव आलं. गाव म्हणजे एक मोठा जुना तलाव आणि त्याच्या पाळीला (बांधाला) धरून बसलेली घरं.

सोमाजीभाऊ अंगणात जाळं पसरून बसले होते. माझ्याच वयाचे, काटकुळे, बोलायला महाग.

"कायले शिकता जी बाई हे?" त्यांनी विचारलं. "आमचे पोरं शिकत नाई. बजारात मशीनचं भेटते."

"हौस म्हणून," मी म्हणाले.

"हौस," ते बायकोकडे, अनुसयाबाईंकडे वळून म्हणाले. अनुसयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला भात, लाखोरीची (लाख नावाच्या डाळीची) भाजी आणि सुके झिंगे वाढले. जेवण तिखट होतं आणि मी कोल्हापूरची असूनही दोन तांबे पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. बांबूच्या चपट्या सुईवर नायलॉनचा दोरा गुंडाळायचा, बांबूच्याच पट्टीवर घर (जाळीतला एक चौकोन) मोजायचं, आणि गाठ मारायची. "अंगठ्याखाली दाबा. आंधी खाली ओढा, मंग वरतं. गाठ बसली पायजे, नाई तं सरकते." सोमाजीभाऊ तलावात ओढायचं मोठं जाळं पुरं करत होते. त्याची शेवटची पट्टी राहिली होती, तीच त्यांनी जाळ्याला धरून विणायला माझ्यापुढे ठेवली. मशीनचं जाळं एकदा फाटलं की फाटतच जातं, हातचं जाळं फाटलं तिथंच थांबतं, असं ते अभिमानानं सांगत.

आता कशाला खोटं बोलू? माझा हात क्रोशाचा. क्रोशाला मऊ हात लागतो, आणि तीस वर्षांत मी तोच कमावला होता. नायलॉन बोटं कापत होता, म्हणून मी गाठ ओढायची तेवढी ओढत नव्हते. अनुसयाबाईंनी एकदा माझी पट्टी चाचपली आणि "सैल हाय" एवढंच म्हणाल्या. सोमाजीभाऊंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि मला म्हणाले, "बेस हाय जी."

मी फुगले. दीड हात जाळं झालं तेव्हा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी पाळीवरून आरडाओरडा आला. शेजारच्या रखमाबाईचा मुलगा दिनेश शिंगाडे काढायला ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावात गेला होता. ट्यूब रिकामी तरंगत होती. ढिवराचा पोरगा पोहण्यात कमी नव्हता, पण शिंगाड्याच्या वेली पायात अडकल्या तर पोहणं काय कामाचं? गावातले लोक दुपारपर्यंत बुड्या मारत राहिले. थंडीनं त्यांचे ओठ काळे पडले. रखमाबाई पाळीवर उकिडवी बसली होती. रडत नव्हती. जो वर येई त्याला एकच सांगत होती, "तोंड पाहू द्या रे मले त्याचं. आता जित्ता नाई भेटत, समजते मले. तोंड पाहू द्या."

शेवटी सोमाजीभाऊ घरी आले आणि माझ्या पट्टीसकट नवं जाळं खांद्यावर टाकलं. अनुसयाबाईंनी त्यांची बाही धरली. ज्या जाळ्यात बुडालेला माणूस येतो त्या जाळ्यानं मग मासा धरत नाहीत. ते पाळीवर टाकून देतात. दोन महिन्यांचं काम होतं ते. सोमाजीभाऊंनी बाही सोडवून घेतली आणि तलावाकडे गेले.

दोन्हीकडून आठ-आठ माणसं ओढत होती. जाळं जड झालं. पाळीजवळ, जिथं पाणी सर्वांत खोल, तिथं निळ्या शर्टाची पाठ पाण्यावर आली. रखमाबाई उठली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तेवढ्यात जाळं एका जागी उघडलं. गाठी सरकल्या, घरं एकात एक मिसळली, आणि निळा शर्ट हळूच खाली गेला. चौघांनी उड्या मारल्या, पण हाती वेलीच आल्या.

कुठली जागा होती ते मला लांबूनही ओळखू आलं.

"सोमाजी!" रखमाबाई पाण्यातूनच ओरडली. "तुही गाठ सुटली कशी रे?"

सगळा गाव त्यांच्याकडे पाहत होता. सोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारा झालो वो बाई," ते म्हणाले. "हात सैल झाला."

मी दहा पावलांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर चार शब्द पुरले असते. मी उघडलं नाही.

दिनेश दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. तोवर मासे आणि खेकडे आपलं काम करून गेले होते. माणसांनी त्याला पाण्यातच धोतरात गुंडाळलं. रखमाबाई धोतर ओढत राहिली, आणि दोघी बायकांनी तिचे हात धरून ठेवले. तिनं तोंड पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी अनुसयाबाईंना विचारलं, "माझी पट्टी सैल होती तर उसवली का नाही?"

"पाहुण्याची गाठ पाहुण्यासमोर सोडत नाई आम्ही," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर सोडनार होते ते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

निघताना मी सोमाजीभाऊंना म्हणाले, "मी जाऊन सांगते रखमाबाईला." ते अंगणात रिकामेच बसले होते. "तुमी तुमच्या गावची गाडी धरा जी," ते म्हणाले. मी त्या वाक्याचा आधार घेतला आणि गाडी धरली.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. मंडळात आता सगळ्या विचारतात, जाळं कुठं आहे, दाखव की. मी सांगते, तिकडेच राहिलं. गावात आता सोमाजीभाऊंकडून कुणी जाळं विणून घेत नाही, असं ग्रामसेवक परवा फोनवर सहज बोलून गेला. त्या गाठी माझ्या होत्या. हे मी इथं नावानिशी छापायला दिलं आहे, आणि छापायला धीर झाला तो एवढ्यासाठीच, की रखमाबाईला वाचता येत नाही.