तिसऱ्या पंचाची काठी

नवरा हरल्याच्या आनंदात सगळ्या गल्लीला केशरी पाव वाटणारी बाई आमच्या ट्रेव्हास्कन गावात आजवर एकच झाली, ती म्हणजे माझी धाकटी बहीण थर्झा. लोक अजून हसतात. हसू देत. पण ही गोष्ट तिची नाही, आमच्या बाबांची आहे, आणि बाबांची सांगायची तर आधी पट्ट्याची सांगावी लागते.

पट्टा म्हणजे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या आमच्या टोकाचा कुस्तीचा किताब. पूर्वी जिंकणाऱ्याला नुसती जरीची टोपी मिळायची. मग 'मेंढा' नावाच्या गुत्त्याच्या मालकाला वाटलं, टोपी काय, कुणीही घालतं. त्याने चामड्यावर चांदीच्या पट्ट्या ठोकून पट्टा करवला, जोडीला पैशांची थैली ठेवली, आणि तेव्हापासून खाणीतले गडी कुस्तीवर पोट भरायला लागले.

पहिला पट्टेवाला गावचा लोहार. दुसरा महाभाग पट्टा कमरेला बांधून थेट अमेरिकेतल्या खाणीवर गेला. गावाने हाय खाल्ली. पुढे पट्टा परत आला, पण भलत्याच कमरेवर. शेजारच्या गावच्या एकाने त्याला तिकडेच चीत केलं होतं आणि स्वतःच्या लग्नाला घरी येताना पट्टाही आणला होता. कुणी एक शब्द काढला नाही. पाठ टेकली ना, मग झालं तर!

बोभाटा झाला तो आमच्या आजोबांच्या वेळी. आईचे वडील, रोझवर्न आजोबा, तेव्हा पट्टा राखून होते. छातीचं दुखणं लागलं, अंथरूण धरलं, आणि त्यांनी पट्टा जावयाच्या हातात ठेवला. जावई म्हणजे आमचे बाबा, झेफानिया कर्नो. बाबा कुस्तीत काही वाईट नव्हते, पण न लढता मिळालेला पट्टा! गुत्त्यात शिरले की लोक बाक पुसायचे, "या जावईबापू, बसा, आयतंच आहे!" पुढच्या जत्रेला बाबांनी पट्टा मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला आणि नंतर कुस्तीचं जाकीट, ज्याला धरून आमच्याकडे लढतात, ते कधी अंगात घातलं नाही. त्याच दिवशी गावाने नियम केला. पाठ टेकल्याशिवाय पट्टा सुटायचा नाही. द्यायचा नाही, सोडायचा नाही. आणि मुद्दाम पडेल त्याला 'पाठविक्या' म्हणायचं. खाणीत पाठविक्याच्या शेजारी कुणी डबासुद्धा उघडत नाही.

मग बाबा पंच झाले. आमच्या कुस्तीत दोन खांदे आणि दोन कुल्ले, चारांपैकी तीन एकदम टेकले की माणूस चीत. तीन पंच, तिघांच्या हातात काठ्या. टेकलं दिसलं की काठी वर. दोन काठ्या वर गेल्या की निकाल. बाकीचे पंच उभ्याने बघायचे. बाबा पोटावर पालथे पडायचे, गाल गवतात खुपसून. घरी यायचे ते मिशांना शेण लावून. आई म्हणायची, "यापेक्षा तुम्ही कुस्तीच खेळला असतात तर धुणं कमी पडलं असतं."

नात्यातला माणूस असला की बाबांना स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नसे. एकदा सख्ख्या पुतण्याने समोरच्याला चांगला चीत केला, तरी यांची काठी खाली ती खालीच. रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "दिसलं होतं गं मला. पण आपल्या माणसासाठी दिसतंय की खरंच दिसतंय, कोण सांगणार?" चुलती वर्षभर आमच्याशी बोलली नाही. मलाही राग आला होता. असला कसला न्याय, जो घरच्यांनाच उपाशी ठेवतो?

थर्झाचा नवरा हॅनिबल ट्रेम्बाथ. त्याने पट्टा रीतसर, समोरच्याला आपटून मिळवला आणि राखला. पण एका हिवाळ्यात खाणीत छताचा दगड त्याच्या मानेवर आला. वरून काही दिसत नव्हतं. फक्त उजव्या हातातून चहाचा मग गळून पडायला लागला. ट्रूरो शहरातला डॉक्टर म्हणाला, डोक्यावर एकदा पडलास की संपलास. हॅनिबलने बायकोला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं नाही.

तिने मला सांगितलं. "ताई, मी डावा हात ठेवला होता," म्हणाली आणि रडायला लागली.

पट्टा सोडता येत नव्हता. मुद्दाम पडता येत नव्हतं. आणि त्या जत्रेला मैदानात टोपी फेकून आव्हान दिलं ते जेको पेंगेलीने. समोरच्याला पाठीवर घेऊन डोक्यावरून पलीकडे आपटायचं, त्या धोबीपछाडीसाठीच तो पंचक्रोशीत गाजलेला.

"बाबांना सांगू या," मी म्हटलं. "अर्धी पाठ टेकली तरी काठी वर करतील."

"आणि कळलं लोकांना, म्हणजे? बाबांना पुन्हा जावईबापू म्हणतील आणि ह्यांना पाठविक्या. हे त्यापेक्षा मरण पत्करतील, ताई. देव बघून घेईल."

"चॅपलचे पाद्री म्हणतात, देव कुस्ती बघत नाही."

"मग तूच बघ!" ती ओरडली, आणि मी बाबांना काही सांगितलं नाही.

त्यात पेंगेलीच्या माणसांनी तिसरा पंच म्हणून बाबांनाच मागितलं. बाबा हात जोडून म्हणाले, "अरे, जावई आहे माझा." ते म्हणाले, "म्हणून तर! झेफकाका, तुमच्याइतका घरच्यांचा वैरी आम्हाला कुठे मिळणार?"

जत्रेच्या दुपारी मैदान फुललं होतं. हॅनिबल डाव्या हातानेच पेंगेलीचं जाकीट धरून फिरत होता. लोकांना वाटलं, काय डोकं लावतोय गडी!  थर्झाची नखं माझ्या दंडात रुतली होती. मग पेंगेली गर्रकन वळला, खाली बसला आणि त्याने हॅनिबलला खांद्यावर उचललं. थर्झाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

असं उचललं की माणूस जिवाच्या आकांताने दोन्ही हातांनी समोरच्याला धरून ठेवतो, आणि तसाच डोक्यावर जातो. पण हॅनिबलच्या उजव्या हाताला धरताच आलं नाही. तो पेंगेलीच्या खांद्यावरून बाजूला घसरला आणि बटाट्याचं पोतं पडावं तसा धप्पकन पाठीवर आला.

पेंगेलीच्या बाजूच्या पंचाची, बोसांकोची काठी वर गेली. दुसरा पंच आमच्या खाणीचा मुकादम, कॅप्टन टोंकिन; त्याची खालीच राहिली. आता बाबा. तेही वर करणार नसले तर हॅनिबलला उठून पुन्हा जाकीट धरावं लागणार होतं. बाबा गवतात तोंड घालून पडलेले. मला त्यांच्या टकलाशिवाय काही दिसेना. उचला, मी मनात म्हणत होते, आयुष्यात एकदा तरी घरच्यांसाठी उचला.

गवतातून काठी हळूहळू वर आली.

"सासऱ्यानेच घात केला!" कुणीतरी बोंबललं. कुणी हातातली अर्धी पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, बाबांच्या अंगावर फेकली. आणि त्या गोंधळात थर्झा नाचत होती, "झालं! झालं एकदाचं!" हॅनिबल आडवाच होता. मी धावत गेले. तो पायाची बोटं हलवून बघत होता आणि हसत होता.

"ऊठ की रे मेल्या!"

"पडू दे गं जरा. पाठीवर निजायला किती बरं वाटतं."

मी तिथेच मटकन खाली बसले आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. पेस्टीला हात लावलेला नव्हता. थर्झा आत आली तशी मान न वळवता म्हणाले, "डावा खांदा आणि दोन्ही कुल्ले. तीन टेकले होते, पोरी. मी तरी काय करू?"

तिने मागून मिठी मारली आणि सगळं सांगून टाकलं. दगड, डॉक्टर, गळणारा चहाचा मग. हॅनिबल दारात उजवा हात लोंबकळत ठेवून, चोरासारखा उभा होता. बाबांनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग ते माझ्याकडे वळले.

"लव्हडे, तुलाही माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणजे तुम्ही काठी लगेच उचलली असतीत."

"लगेच?" बाबांच्या कपाळावर घाम आला. "अगं, उचललीच नसती. तीन टेकलेले दिसले असते आणि मला वाटलं असतं, लेकीसाठी दिसतायत. मी याला पुन्हा उभा केला असता."

 थर्झाने हॅनिबलचा हात घट्ट धरला. माझ्या अंगावर काटा आला, आणि मागोमाग हायसंही वाटलं.

"बरं झालं," बाबा शेवटी म्हणाले आणि त्यांनी पेस्टी पुढे ओढली. "माझ्या घरात एक तरी बाई तोंड बंद ठेवू शकते."

त्यानंतर बाबांनी पंचाचं काम केलं नाही. पुढच्या जत्रेत ती काठी हॅनिबलच्या डाव्या हातात होती. बाबांनी ती जावयाला आयतीच दिली, आणि गावात कुणी हूं की चूं केलं नाही.