फळ्यावरची शेवटची ओळ

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची खबर आमच्या गिरगावच्या नाक्यावरचा फळा द्यायचा. धोतराच्या सोग्याने तो पुसून सुबक अक्षरांत लिहिणारे गृहस्थ रोज दिसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्या एकांकिकेचे पैसे पडद्याच्या भाड्यातच संपले. हँडबिलं कशाने छापणार? मी फळ्यावरच्या त्या गृहस्थांना गळ घातली. त्यांनी सभेच्या खबरीखाली आमचा प्रयोग लिहिला, मागे सरून न्याहाळला आणि पुढे जोडलं, ‘जागा थोडी आहे.’

“अहो, शाळेचा हॉल केवढा मोठा! ओस पडेल म्हणून तर धास्ती आहे.”

“माणसं आली की जागा थोडी पडेलच.”

प्रयोगाला हॉल खच्चून भरला. तेच उशिरा आले. मी ओशाळून म्हणालो, “बसायला कुठेच जागा नाही हो.”

खडूने माखलेले हात झटकत ते दाराशी खुशाल उभे राहिले. “लिहिलं होतं ना!”